एका फ्लॅटचे तीन नारळ

आमचा इंदिरानगरमधला फ्लॅट आम्ही एकाच वेळी तीन कुटुंबांना विकला होता आणि या व्यवहाराची आम्हाला काहीही कल्पना नव्हती.

पुढे वाचण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. कुणाला फसवण्याची कुवत आमच्या घरात कुणाकडेच नाही. बाबा वजने व मापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि निवृत्तीनंतर तपासायला तराजू मिळेनात, म्हणून ते स्वतःच्या बोलण्यालाच काटा लावू लागले. (पाऊस पडतोय असं सांगण्याआधी ते गॅलरीतून हात बाहेर काढून बघतात.) आईचं माहेर सटाण्याकडचं, घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं हा तिच्या लेखी दखलपात्र गुन्हा आहे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं असून एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम करते. म्हणजे दिवसभर गोळ्यांमधले दोष शोधते आणि संध्याकाळी घरी येऊन, आईच्या म्हणण्याप्रमाणे, तेच काम पुढे चालू ठेवते.

घर विकण्याचं कारण होतं आईचे गुडघे. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि इमारत लिफ्टच्या आधीच्या काळातली. आई दोनतीन वर्षं कठड्याला धरून जिने चढत-उतरत राहिली, मग एके दिवशी भाजी घेऊन वर येताना दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आता बास." त्यानंतर ती खाली उतरली ती फक्त डॉक्टरांकडे जाण्यासाठी. भजनी मंडळ सुटलं, जॉगिंग ट्रॅकवरच्या मैत्रिणी सुटल्या. भाजीवाल्यासाठी गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली जायची आणि त्याला योग्य वाटेल ती भाजी भरून वर यायची. आईला गुडघेदुखीपेक्षा हा अपमान जास्त लागला होता. "वरून वांगं दिसतं गं," ती मला म्हणाली, "पण कळत नाही."

पाथर्डी फाट्याजवळ एक फ्लॅट आम्हाला पसंत पडला. लिफ्ट होती, खाली बाकं होती, समोरच भाजीबाजार. डॉक्टरांकडून येताना आईने तो पाहिला, लिफ्टने एकदा विनाकारण खालीवर केलं आणि घरी परतताना रिक्षात गुणगुणत होती. पण जुनं घर विकल्याशिवाय नवं घेणं शक्य नव्हतं. नव्या घराचे मालक सज्जन होते. अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो, त्यानंतर मात्र दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नाशिकमध्ये एखाद्या घरात फ्लॅट विकण्याचा विचार आला, की तो एजंटला घरातल्या माणसांच्या आधी कळतो. त्याच आठवड्यात खैरनार आमच्या दारात उभे राहिले. पांढराशुभ्र शर्ट, दोन मोबाइल, आणि अंगाला असा अत्तराचा दरवळ, की ते पहिल्या मजल्यावर असतानाच आई म्हणाली, "कुणीतरी येतंय." त्यांनी घरभर नजर फिरवली, पश्चिमेच्या खिडकीला पूर्वेची म्हटलं, गॅलरीला टेरेस म्हटलं आणि बाबांनी दोन्ही विधानं दुरुस्त केली. मग चहा घेता घेता खैरनारांनी आपली कामाची पद्धत सांगितली.

"माझी एकच अट असते, साहेब. मी पार्टी घेऊन आलो, की घरच्यांनी घरात थांबायचं नाही."

मला हे अपमानास्पद वाटलं. घर आमचं, त्याविषयी सर्वाधिक माहिती आमच्याकडे आणि आम्हीच बाहेर? मी त्यांना समजावून सांगितलं, की एजंटचा मोबदला हा मुळात माहितीचा मोबदला असतो. विकणाऱ्याला घेणारा ठाऊक नसतो आणि घेणाऱ्याला विकणारा, या अज्ञानावर हा व्यवसाय उभा आहे. आता ती माहिती कुणालाही मोबाइलवर फुकट मिळते, तेव्हा मधला माणूस तर्कतः अनावश्यक ठरतो. खैरनारांनी हे सगळं अतिशय आदराने ऐकलं. बिस्किटही खाल्लं.

"बरोबर आहे, ताई. अडलं तर सांगा."

"अडणार नाही."

"हिचं सगळ्यातच असं आहे, भाऊ," आईने माझ्यासमोर माझी तक्रार मांडली. "लग्नाचंही म्हणते, मध्ये कुणी नको, माझं मी बघते."

"मग जमलं का?" खैरनारांनी निर्मळ कुतूहलाने विचारलं.

मी त्यांना आणखी चहा हवा का, असं विचारलं.

त्यानंतर मी घराचे फोटो काढले, जाहिरात टाकली आणि येणाऱ्यांना वेळा ठरवून दिल्या. एका वेळी एकच कुटुंब, दोन कुटुंबांमध्ये पुरेसं अंतर, प्रत्येकाला सारखेच प्रश्न. प्रयोगाची आखणी निर्दोष होती. त्यात फक्त आम्ही तिघं आहोत, ही बाब मी लक्षात घेतली नव्हती.

पहिले आले बच्छाव, सटाण्याचे कांद्याचे व्यापारी. मुलाला नाशिकच्या कॉलेजात घातलं होतं म्हणून घर हवं होतं. त्यांच्या पाठोपाठच्या रविवारी घुगे, सिन्नरच्या कारखान्यातून अंबडला बदली झालेले सुपरवायझर. आणि शेवटी गांगुर्डे, वणीकडचं नुकतंच लग्न झालेलं शिक्षक जोडपं. प्रत्येक जण सपत्नीक आला आणि प्रत्येकाच्या बाबतीत जे घडलं ते इतकं सारखं होतं, की एकदा सांगितलं तरी पुरे.

बाबा पाहुण्यांना प्रथम बाथरूममध्ये नेत. तिथली ओल बघितल्याशिवाय हॉल दाखवायचा नाही, हा त्यांचा नियम. "ही भिंत पावसाळ्यात घाम गाळते," ते सांगत, आणि पाहुण्यांना हात लावून बघायला लावत. मग खिशातून टेप काढून हॉल मोजून दाखवत, कारण बिल्डरने सांगितलेलं माप आणि प्रत्यक्षातलं माप यात वीतभर फरक होता आणि तो फरक इतकी वर्षं बाबांच्या मनाला टोचत होता. आता अखेर श्रोते मिळाले होते. पाण्याचा दाब कमी आहे, शेजारच्या हॉलमध्ये लग्नसराईत बँड वाजतो, स्वयंपाकघराच्या खिडकीला कबुतरं येतात. घुगे म्हणाले, की कबुतरं चालतील. तेव्हा बाबांनी त्यांना कबुतरांमुळे होणाऱ्या आजारांची माहिती दिली.

नंतर माझी पाळी. कर्ज मंजूर झालं आहे का, आधीचं घर का सोडता, किती वर्षं राहण्याचा विचार आहे. गांगुर्डे दांपत्याला मी विचारलं, की घरातले अंतिम निर्णय तुमच्यापैकी कोण घेतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनी एकाच वेळी "मी" म्हटलं. मला वाटतं, की त्यांच्या संसारातला पहिला मतभेद आमच्या घरात, माझ्या उपस्थितीत झाला.

एवढं झाल्यावर पाहुणे निघायला उठत आणि तिथे आई सूत्रं हाती घेत असे. चहा, चहामागोमाग पोहे, आणि बच्छावांच्या बाबतीत तर पूर्ण जेवण, कारण बच्छाव वहिनींनी दारातच "घर भलतं मस्त शे" म्हटलं आणि माहेरची अहिराणी कानावर पडताच आईने पोळ्यांची कणीक मळायला घेतली. त्या दोघी ओट्याशी उभ्या राहून सटाण्याकडच्या कुणाकुणाची चौकशी करत होत्या, बच्छाव कांद्याच्या भावाविषयी बोलत होते, बाबा कांद्याच्या काट्याविषयी बोलत होते. या सगळ्यात घराच्या किमतीचा विषय काढणं म्हणजे पंगतीत उठून वाढप्याला पगार विचारण्यासारखं होतं. शेवटी बच्छावांनीच चपला घालताना, खूप संकोचून, एक आकडा पुटपुटला. तो कमी होता. बाबांना हे कळलं. पण जो माणूस आत्ताच आपल्या घरी जेवला त्याला "कमी आहे" कसं म्हणणार? बाबा हसले आणि म्हणाले, "बघू." घुगे आणि गांगुर्डे यांनाही ते तसेच हसले आणि तेच म्हणाले.

आणि मग ओटी.

आमच्या घरी प्रथमच आलेली सुवासीण रिकाम्या ओटीने परत जात नाही. आई हळदीकुंकू लावते, तांदूळ, खण आणि नारळ पदरात घालते. हे ती इतक्या सहजपणे करते, की मी आणि बाबा ते पाहतही नाही, जसा आपल्याला भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत नाही. किराणावाला नारळ पाठवायचा, ते दोरीच्या पिशवीतून वर यायचे आणि सुवासिनींच्या पदरातून खाली जायचे. तीन कुटुंबं आली, तीन नारळ गेले.

यानंतर तिघांपैकी कुणाचाही फोन आला नाही. मी या शांततेचा अभ्यास केला आणि घर कुणालाच पसंत पडलं नाही, असा निष्कर्ष काढला. फोटो बदलले. जाहिरातीचा मजकूर बदलला. अक्षय्य तृतीया जवळ येऊ लागली, तशी आई गॅलरीत जास्त वेळ बसू लागली. नव्या घराचा विषय तिने काढणं बंद केलं. तिने तक्रार केली असती तर मी युक्तिवाद केला असता. ती दोरीची पिशवी खाली सोडत राहिली. एकदा मी म्हटलं, की खैरनारांना विचारू या का. ती म्हणाली, "तुला कमीपणा वाटेल ते नको करूस." तिचे गुडघे तिला दुखत नसतील इतकं हे वाक्य मला लागलं.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी घरात पुरण शिजत होतं, आंब्याचा रस काढून झाला होता. बेल वाजली. दारात बच्छाव पतीपत्नी, हातात पेढ्यांचा पुडा आणि मागे हमालाच्या खांद्यावर कांद्याची गोणी.

"आखाजीचा मुहूर्त साधला," बच्छाव धापा टाकत म्हणाले. "विसार देऊन टाकतो."

विसार, म्हणजे सौदा पक्का केल्याची रक्कम. कुठल्या सौद्याची, हे विचारायला मी तोंड उघडलं, तोच जिन्यावरून आणखी पावलं ऐकू आली. घुगे आले. त्यांच्या हातात पेढे आणि सौ. घुगेंच्या हातात टेप. कपाट कुठल्या भिंतीला बसेल ते मोजायचं होतं. दोन्ही कुटुंबांनी एकमेकांना नमस्कार केला. प्रत्येकाला वाटलं, की दुसरे आमचे नातेवाईक असावेत. घुगेंनी बच्छावांना पेढा दिला आणि सांगितलं, की आम्ही हे घर घेतलंय. बच्छावांनी पेढा तोंडात टाकला होता. तो तसाच राहिला.

एवढ्यात गांगुर्डे जोडपं पोचलं. ते शिक्षक असल्यामुळे वेळेच्या थोडं आधी आले होते, फक्त कुठल्या वेळेच्या, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी पेढ्यांबरोबर दारावर लावायची पाटी आणली होती. सागवानी, पितळी अक्षरांची, दोघांची नावं सारख्या आकारात. (माझ्या प्रश्नाचा त्यांनी बराच विचार केला असावा.) ती पाटी बाबांच्या हातात आली. बाबांनी ती चष्मा वर करून न्याहाळली आणि खरोखरच सुबक असल्यामुळे तसं सांगितलं.

त्यानंतर हॉलमध्ये जो गलका झाला त्याचं यथातथ्य वर्णन अशक्य आहे. सगळेच आपापली बाजू मांडत होते आणि प्रत्येकाची बाजू एकच होती.

"आम्ही काय लबाड हाय का?" घुगे म्हणत होते. "तुमच्या हातचा नारळ घेतलाय आम्ही. देवापुढं ठेवलाय."

"ओटीमा नारय दिधं, म्हणजे घर दिधं," बच्छाव वहिनी आईला अहिराणीत सांगत होत्या, आणि आवाजात राग कमी, दुखावलेपण जास्त होतं. "आपल्याकडचीच ना तू, अक्का? तुले ठाऊक नही?"

आई पुरणाचा हात तसाच धरून उभी होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. इतकी वर्षं जे तिने फक्त मायेने दिलं, त्याची कुणीतरी पावती दाखवत होतं.

मी उभ्या उभ्या विचार केला आणि मला मान्य करावं लागलं, की त्या तिघांचा तर्क बिनचूक होता. आपण किंमत सांगतो, समोरचा हसतो, नाही म्हणत नाही, आणि लगेच घरची लक्ष्मी पदरात नारळ घालते. लग्न जमलं तरी नारळ, सौदा ठरला तरी नारळ. उपलब्ध माहितीवरून दुसरा निष्कर्ष निघतच नाही. (नोकरीवरून काढतानाही नारळच देतात म्हणा, पण तो मुद्दा या वेळी मांडण्यात अर्थ नव्हता.)

मी गॅलरीत गेले आणि खैरनारांना फोन लावला. सणाचा दिवस, सौद्यांचा दिवस. मागे कुठेतरी सनई वाजत होती. मी घडलेलं सगळं शक्य तितक्या मुद्देसूदपणे सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मावशींनी ओट्या भरल्या का?" मी हो म्हटलं. "आलोच," ते म्हणाले.

ते आले ते आधी अत्तराने. दारात चपला काढल्या, सगळ्यांकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "चूक माझी आहे. सगळा घोटाळा माझ्यामुळे झाला."

हे धादांत खोटं होतं. त्यांचा या प्रकरणाशी सुतराम संबंध नव्हता. पण त्या एका वाक्याने खोलीतली हवा बदलली. आतापर्यंत तीन कुटुंबं अवघडून भांडत होती. ज्यांच्या घरी जेवलो त्यांच्यावर ओरडायचं कसं, हा प्रत्येकाचा पेच होता. आता समोर एजंट उभा होता. घुगे त्यांच्यावर तुटून पडले. बच्छावांनी साऱ्या दलाल जमातीचा उद्धार केला. ते स्वतः अडत्यांमध्ये वावरणारे, त्यामुळे शब्दसंपदा मोठी होती. गांगुर्डे सरांनीसुद्धा, वर्गात शोभेल अशा भाषेत, दोन वाक्यं सुनावली. "अहो, पण यांचा काहीच..." बाबांनी सत्य नोंदवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आईने त्यांच्या हातात रसाची वाटी दिली. आईने जाणूनबुजून सत्य अडवल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

खैरनार मान खाली घालून "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत राहिले. रसायनशास्त्रात बफर नावाचं एक द्रावण असतं. त्यात थोडं आम्ल ओता, थोडं अल्क ओता. ते सगळं पोटात घेतं आणि आपली प्रकृती फारशी ढळू देत नाही. हे द्रावण मी रोज स्वतःच्या हाताने बनवते. ते पांढरा शर्ट घालून तीन जिने चढून येऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

सगळे थकल्यावर खैरनार आमच्याकडे वळले.

"साहेब, मावशी, ताई, तुम्ही जरा शेजारी जाऊन बसा."

या वेळी मी युक्तिवाद केला नाही. शेजारच्या जोशी काकूंच्या गॅलरीत आम्ही तिघं जाऊन बसलो. त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीला लागून आहे, मध्ये फक्त तुळशीची कुंडी. खैरनार एकेका कुटुंबाला गॅलरीत आणून बोलत होते आणि आम्ही तुळशीमागे श्वास रोखून ऐकत होतो. (नैतिकदृष्ट्या हे योग्य नव्हतं. म्हणून बाबा कान झाकून बसले होते, पण बोटं सैल होती.)

जे ऐकू आलं ते असं. बच्छावांना हे घर नको होतं. पहिल्याच दिवशी जिने चढताना वहिनींनी ठरवलं होतं, की इथे म्हातारी सासू यायची नाही. पण पोटभर जेवल्यावर सांगायचं कसं? आणि नंतर तर ओटीत नारळ पडला. तो नाकारला तर अक्काला काय वाटेल? म्हणून ते पेढे घेऊन, गोणी घेऊन, मन घट्ट करून आले होते. घुगेंनाही घर नको होतं. त्यांना आपली जीप लावायला जागा हवी होती, ती इथे नव्हती, पण बाबांनी इतक्या खरेपणाने ओल दाखवली, की अशा माणसाला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"मग आधी का नाही सांगितलं?" खैरनारांनी विचारलं.

"कुणाला सांगायचं?" घुगे म्हणाले. "मधी कोण व्हतं?"

मी तुळशीकडे बघत राहिले. आठवडे गेले होते. आम्ही कुणाला नाही म्हणू शकलो नव्हतो, ते आम्हाला नाही म्हणू शकले नव्हते, आणि दोन्ही बाजूंच्या या सौजन्यात माझी आई तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली होती. एजंट माहिती विकतो, असं मी समजत होते. माहिती तर आमच्याकडे भरपूर होती. बाबांनी ती ओलीसकट वाटली होती. आमच्याकडे नव्हता तो असा माणूस, ज्याच्या तोंडावर खरं बोललं तर कुणाचं मन मोडत नाही.

उरले गांगुर्डे. त्यांना घर मनापासून हवं होतं. गुडघे तरुण होते आणि शाळा जवळ होती. खैरनार किमतीसाठी आमच्याकडे आले. बाबा लगेच म्हणाले, की ते जे देतील ते ठीक आहे, चांगली मुलं आहेत. खैरनारांनी मान डोलावली, परत आमच्या गॅलरीत गेले आणि आम्हाला त्यांचा आवाज ऐकू आला, "साहेब ऐकायला तयार नाहीत. फार हट्टी माणूस. आख्ख्या खात्यात प्रसिद्ध."

बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हट्टी म्हटलं होतं. हे विधान असत्य होतं, बाबांना ते माहीत होतं, तरी त्यांनी ते दुरुस्त करायला उठण्याची तसदी घेतली नाही. उलट बसल्या जागी जरा ताठ झाले. खैरनारांच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या; प्रत्येक फेरीला बाबांचा लौकिक वाढत गेला आणि शेवटी ते अत्यंत कठोर गृहस्थ म्हणून योग्य किमतीला तयार झाले.

नारळांचा प्रश्न राहिला होता. सौ. घुगेंनी हळूच विचारलं, की तो परत आणून द्यायचा का. आई एकदम म्हणाली, "ओटीतलं परत घेतात का कधी? तो घराचा नव्हता गं, तुझा होता." त्यावर बच्छाव वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, आईनेही लावला, आणि ज्यांनी एकमेकांवर तासभर आवाज चढवला होता ती सगळी माणसं आमच्याकडे पुरणपोळी आणि आमरस जेवून गेली. कांद्याची गोणी बच्छावांनी परत नेली नाही. घुगेंना आणि बच्छावांना खैरनारांनी पुढे दुसरीकडे घरं मिळवून दिली, असं कळलं. म्हणजे आमच्या गोंधळातून त्यांचे तीन सौदे झाले. मी त्यांच्या मोबदल्याविषयी एक शब्दही काढला नाही.

पाथर्डी फाट्याच्या घरात राहायला आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी आई लिफ्टने एकटी खाली गेली आणि बराच वेळ आली नाही. मी घाबरून खाली धावले. ती भाजीवाल्यापुढे उभी होती. एकेक वांगं उचलून, देठ दाबून, उजेडाकडे धरून परत ठेवत होती. भाजीवाला वैतागला होता. इतकं आनंदी मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

वास्तुशांतीला खैरनार सपत्नीक आले. आई ओटीचं ताट घेऊन आली, तेव्हा त्यांनी नारळाकडे संशयाने पाहिलं.

"मावशी, आधी सांगा. हा कशाचा?"

"ओटीचा, बाबा. फक्त ओटीचा."

"मग भरा."

जेवणं झाली. पानं आली. आणि मग आईने, मला जराही पूर्वसूचना न देता, विषय काढला. "भाऊ, घराचं झालं. आता हिचंही तुम्हीच कुठे बघा की."

मी या प्रस्तावातले मूलभूत दोष सांगायला सुरुवात केली. खैरनारांनी मला मधेच थांबवलं नाही. पहिल्या भेटीसारखंच, अतिशय आदराने ऐकून घेतलं. मग ज्या नजरेने त्यांनी कधीकाळी आमचा हॉल पाहिला होता, तिनेच मला एकदा पाहिलं.

"जमेल, मावशी. शिक्षण आहे, नोकरी आहे, घर चांगलं आहे. फक्त माझी अट तीच."

"कोणती?"

"पाहुणे बघायला येतील, तेव्हा ताईंनी घरात थांबायचं नाही."

मी सवयीप्रमाणे त्या अटीत दोष शोधायला घेतला. अजून सापडलेला नाही.